मालिकेचा शिक्का बसला की पुढे काय? प्रिया तेंडुलकर यांच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत. राज्य नाट्य स्पर्धेतून मालिकेत आल्या, तीन वर्षं एका रोजच्या मालिकेत नायिकेच्या नणंदेचं काम केलं आणि आता नव्या मालिकेत त्यांना मुख्य भूमिका विचारली आहे. नाटकातली मित्रमंडळी सांगताहेत की मालिकेची नायिका झालीस की शिक्का बसला, मग दुसरं काम विसर. त्या विचारतात, "हे खरं आहे का? आणि असा शिक्का बसल्यावरही पुढे स्वतःचं काही करणारी एखादी अभिनेत्री सांगता येईल का?"

मी 29 वर्षं मालिकांच्या सेटवर आहे. क्लॅप देण्यापासून सुरुवात केली, पुढे एपिसोड डायरेक्टर झालो, आता नव्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं ते शिकवतो. आधी सरळ उत्तर देतो. शिक्का बसतो, हे खरं आहे. दुसरं काम मिळत नाही, हे मात्र खरं नाही. आणि उदाहरण मागितलंत तर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते प्रिया तेंडुलकर यांचं. त्यांच्याएवढा ठळक शिक्का भारतीय टेलिव्हिजनवर फार कमी अभिनेत्रींवर बसला असेल.

मी त्यांच्याबरोबर कधी काम केलेलं नाही. 1985 मध्ये 'रजनी' लागायची तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या चाळीत तीन घरांत मिळून एक टीव्ही होता. रविवारी सकाळी ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे आम्ही सगळे जमायचो. काकू भाजी निवडत बघायच्या, आजोबा दाढी करता करता. त्या वेळी ते विशेष वाटलं नाही. या धंद्यात आल्यावर कळलं की टीव्हीवरची अभिनेत्री नेमकी इथेच सिनेमातल्या नायिकेपेक्षा वेगळी ठरते. सिनेमाची नायिका बघायला आपण तिकीट काढून तिच्याकडे जातो. मालिकेतली बाई आपल्या घरात येते, आपण बनियनवर असताना, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. म्हणून लोक तिला 'मॅडम' म्हणत नाहीत, भूमिकेच्या नावानं एकेरीत हाक मारतात. या हाकेत अपमान नसतो, लोकांनी तिला घरातली मानलेली असते. पण तुम्ही म्हणता तो शिक्का यातूनच तयार होतो.

'रजनी'च्या आधीची प्रिया तेंडुलकर कोण होती, हे आज फारसं कुणी सांगत नाही. जन्म 19 ऑक्टोबर 1954 चा. वडील विजय तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही नाटकं ज्या घरात लिहिली गेली त्या घरातली ही मुलगी. तरी वयात आल्या आल्या तिला कुणी नायिका करून उभं केलं, असं झालं नाही. तिनं पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट म्हणून काम केलं, हवाई सुंदरीची नोकरी केली, बातम्या वाचल्या, मॉडेलिंग केलं. 1974 मध्ये श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये तिनं अनंत नागच्या बायकोची, सरूची भूमिका केली. तो चित्रपट लोकांना आठवतो शबाना आझमींसाठी, आणि ते योग्यच आहे. पण पुन्हा बघाल तेव्हा या सरूकडे लक्ष द्या. नवऱ्यानं घरात काय करून ठेवलंय, ते तिला कळतं. बोलणं थोडं, नजर स्थिर. तेव्हा वय विशीच्या आतबाहेरचं. पुढे मराठी चित्रपट आले, 'मुंबईचा फौजदार' त्यातला एक. म्हणजे 'रजनी' मिळाली तेव्हा ती तिशीची होती, दोन-तीन नोकऱ्या करून बसलेली, काउंटरच्या दोन्ही बाजू बघितलेली बाई होती.

यावर मी मुद्दाम थांबतोय. रजनी म्हणजे काउंटरच्या अलीकडे उभी असलेली गृहिणी. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, टॅक्सीवाला मीटरप्रमाणे यायला नकार देतो, कचेरीतला माणूस उद्या या म्हणतो. आपण सगळे मान खाली घालून परत फिरतो, ही फिरत नाही. दिग्दर्शन बासू चटर्जी यांचं. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात' केलेला माणूस, त्यामुळे मध्यमवर्गीय घरातली बोलण्याची पट्टी त्यांना पक्की ठाऊक होती. जमलं तर ते भाग जरूर बघा आणि एकच गोष्ट तपासा, ती आवाज किती वेळा चढवते. आठवणीत रजनी भांडखोर आहे. प्रत्यक्षात ती बरंचसं काम प्रश्न विचारून करते. समोरच्याचं उत्तर पूर्ण ऐकून घेते, त्यातलाच एक शब्द उचलते आणि त्याच्याच पदरात टाकते. अभिनयाच्या भाषेत सांगायचं तर ती ऐकण्यावर उभी राहिलेली भूमिका आहे. असं ऐकणं कोणत्याही कार्यशाळेत पटकन येत नाही. रोज शंभर त्रासलेल्या माणसांशी नम्रपणे बोलायची नोकरी केलेल्या बाईला ते येतं, असं माझं मत आहे.

परिणाम काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागल्यावर मुंबईतले टॅक्सीचालक निषेधाला रस्त्यावर उतरले. लोक आपल्या खऱ्या तक्रारी घेऊन तिच्याकडे जायला लागले. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला 1986 मध्ये. तो मालिकेमुळे झाला, असं म्हणणं चूक ठरेल. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करत होती, कायद्याची मागणी जुनी होती. पण कायद्याची कलमं वाचण्याआधी लाखो घरांना ग्राहक म्हणजे काय ते एका बाईच्या चेहऱ्यात दिसलं होतं.

आता शिक्क्याचं. त्या काळी बहुतेक घरांत दूरदर्शन हा एकच चॅनल दिसायचा. 'हम लोग' 1984 मध्ये आली, प्रायोजित मालिकांचा जमाना नुकता सुरू झाला होता आणि जे लागे ते सगळा देश एकाच वेळी बघे. आज शंभर चॅनल आणि वर मोबाईल आहे, म्हणजे आजचा शिक्का त्या मानानं फिका. त्या वेळी पूर्ण देशाला 'रजनी' म्हणून ठाऊक झालेल्या बाईला दुसऱ्या भूमिकेत घेणं निर्मात्याला अवघड जाणारच. हिंदी सिनेमानं तिला पुढे बहुतेक आईच्या भूमिका दिल्या. 'त्रिमूर्ति', 'गुप्त' अशा मोठ्या चित्रपटांत ती आहे, पण तिच्या कुवतीच्या मानानं ते काम तुटपुंजं आहे. हे मी गोड करून सांगणार नाही. तुमच्या मित्रमंडळींची भीती इथपर्यंत बरोबर आहे.

पण तिनं पुढे काय केलं ते बघा. वडिलांनी लिहिलेल्या 'स्वयंसिद्धा' मालिकेत तिनं मुख्य भूमिका केली. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्यावर तिनं स्वतःच्या नावाचा टॉक शो केला, 'ज़िम्मेदार कौन'सारखा कार्यक्रम केला. थोडं थांबून विचार करा. रजनीचा जीव कशात होता? प्रश्न विचारण्यात. तिनं रजनीची साडी, रजनीचे संवाद, रजनीचं नाव मागे ठेवलं आणि प्रश्न विचारण्याची सवय तेवढी बरोबर घेतली. आता ती पटकथेतले प्रश्न विचारत नव्हती, स्वतःचे विचारत होती, आणि लोकांना ते पटत होतं, कारण या बाईला प्रश्न विचारायचा हक्क त्यांनीच आधी देऊन ठेवला होता. शिक्का पुसायच्या मागे लागून वर्षं घालवणाऱ्या कितीतरी गुणी मुली मी बघितल्या. सोज्वळ सुनेची भूमिका संपल्या संपल्या मुद्दाम भडक फोटो काढायचे, नाहीतर खलनायिकेची भूमिका ओढूनताणून घ्यायची. क्वचित जमतं. बहुतेक वेळा प्रेक्षक गोंधळतो आणि निर्माता घाबरतो. भूमिकेतला कोणता धागा मुळात आपला स्वतःचा आहे, ते ओळखून तोच पुढे विणायला घेणं जास्त टिकतं. तुम्हाला विचारलेल्या भूमिकेत असा धागा आहे का, हे त्या पात्राची बायबल, म्हणजे लेखकानं लिहिलेली त्या पात्राची सविस्तर माहिती, वाचताना शोधा. नसेल, तर तो आपल्या वागण्याबोलण्यातून हळूहळू घालता येईल का, ते बघा. पहिल्या शंभर भागांत ते शक्य असतं. नंतर लेखक तुमच्याकडे बघूनच लिहायला लागतो.

दुसरी गोष्ट तिचं लिहिणं. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'असंही', 'पंचतारांकित' ही तिची पुस्तकं. तेंडुलकरांची मुलगी लिहिते म्हणून वाचावं, असं ते लेखन नाही. ती स्वतंत्र लेखिका होती. या धंद्याच्या दृष्टीनं मला त्यात आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. अभिनय हे एकमेव असं काम आहे की जे करण्यासाठी आधी दुसऱ्या कुणीतरी फोन करावा लागतो. चित्रकार घरी बसून चित्र काढतो, गवई पहाटे रियाज करतो, नट मात्र कॉल टाइम, म्हणजे सेटवर बोलावल्याची वेळ, येईपर्यंत बेकार असतो. लिहिणाऱ्या नटीला फोनची वाट बघत खिडकीत बसावं लागत नाही. तुम्ही लिहायलाच हवं, असं नाही. बोलीभाषांचा अभ्यास करा, डबिंग शिका, लहान मुलांची नाटकं बसवा. पण ज्याच्यासाठी कुणाच्या फोनची गरज नाही असं एक काम मालिका जोरात चालू असतानाच सुरू करा. बंद पडल्यावर सुचत नाही. तेव्हा मन थाऱ्यावर नसतं.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. 1995 मध्ये झी टीव्हीवर 'हम पाँच' आली. अशोक सराफ पाच मुलींचे बाप, शोमा आनंद दुसरी बायको, आणि भिंतीवर पहिल्या बायकोची तसबीर. ती तसबीर नवऱ्याशी बोलते. त्या चौकटीतली बाई म्हणजे प्रिया तेंडुलकर. मी वर्गात नेहमी हे उदाहरण देतो. चौकटीतल्या नटीकडे काय असतं? हात नाहीत, चाल नाही, उठणंबसणं नाही, मान हलवायची मुभाही थोडीच. आहे ती फक्त नजर, भुवई आणि टायमिंग. अशी दृश्यं करताना समोरचा नट बहुतेक वेळा समोर नसतोच, दोघांचं वेगवेगळं चित्रित होतं. म्हणजे समोर फक्त कॅमेरा, बाजूला असिस्टंट सपाट आवाजात क्यू, म्हणजे समोरच्या नटाचं वाक्य, देतोय आणि तुम्हाला अशोक सराफ यांच्यासारख्या टायमिंगच्या बादशहाला उत्तर द्यायचंय. दहा वर्षांपूर्वी सबंध देशाला हलवणाऱ्या बाईनं, मालिकेत आपला फक्त फोटो असणार आहे, हे ऐकून नकार दिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं होकार दिला आणि ती तसबीर मालिकेतल्या जिवंत माणसांइतकी लोकांच्या लक्षात राहिली. भूमिकेची लांबी मोजणाऱ्यांनी हे बघावं.

19 सप्टेंबर 2002 ला त्या गेल्या. कर्करोगाशी झगडत होत्या, शेवटी हृदयविकाराचा झटका आला. अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला महिना होता. त्या वयात मराठी रंगभूमीवरच्या बायका आपलं सर्वात मोठं काम करत असतात. ते आपल्याला बघायला मिळालं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आता तुमच्याकडे येतो, कारण 1985 ची मालिका आणि आजची मालिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'रजनी' आठवड्याला एकदा लागायची, दर भागाची गोष्ट त्याच भागात संपायची. तुम्हाला आठवड्याला सहा भाग द्यायचेत, कधी सातही. शिफ्ट बारा-तेरा तासांची, वर ठाणे किंवा मीरा रोडला जायचा-यायचा प्रवास. एका दिवसात साधारण एका एपिसोडचं, म्हणजे बावीसेक मिनिटांचं काम उतरवायचं. बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असेल तर बरं. नसेल तर आज शूट झालेलं उद्या रात्री लागतं आणि संवाद तर मेकअप चालू असताना मोबाईलवर येतात. नणंद म्हणून तुम्ही महिन्याचे दहा-बारा दिवस केले असतील. नायिका म्हणून पंचवीस करावे लागतील. हा फरक अनुभवल्याशिवाय कळत नाही.

या कामात अभिनय बिघडतो, असं म्हणतात. मी म्हणेन, तीन ठरावीक सवयी लागतात. एक, प्रत्येक वाक्यानंतर क्लोजमध्ये, म्हणजे फक्त चेहऱ्यावर कॅमेरा असताना, थांबायची. एडिटर तिथे संगीत टाकणार हे ठाऊक असतं, म्हणून नटी वाक्य संपलं तरी चेहरा धरून ठेवते. दोन, समोरच्याचं न ऐकण्याची. त्याचा क्लोज असतो तेव्हा आपण मनात पुढची ओळ घोकत असतो. तीन, रडण्याचं एकच माप. मालिकेत रोज रडायचं असल्यामुळे शरीर सगळ्यात सोपी वाट शोधतं, आणि मग सासरा गेला तरी तसंच रडू आणि दूध उतू गेलं तरी तसंच. या तिन्हींवर मला माहीत असलेला एकच इलाज आहे, तालीम. वर्षाकाठी एक तरी नाटक करा, प्रायोगिक, एकांकिका, काहीही, ज्यात महिनाभर तेच दृश्य पुन्हा पुन्हा करावं लागेल आणि दिग्दर्शक चुका दाखवेल. मालिकेत चुका दाखवायला कुणाला वेळ नसतो. मलाही नव्हता, याची मला खंत आहे. तुम्ही स्पर्धेच्या नाटकातून आलात, म्हणजे हे तुमच्या अंगात आहे. ते सुटू देऊ नका.

आणि मालिका केली म्हणजे मोठी नटी राहत नाही, हे तर साफ खोटं. रोहिणी हट्टंगडी यांनी 1982 च्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा केल्या आणि नंतर त्यांनीच 'चार दिवस सासूचे' वर्षानुवर्षं केली. प्रतीक्षा लोणकर यांनी 'दामिनी'तली पत्रकार दुपारी दुपारी घराघरांत नेली. सुकन्या कुलकर्णी यांच्या 'आभाळमाया'वर आजही लोक भरभरून बोलतात. यातल्या कुणाचाही अभिनय मालिकेनं खाल्लेला नाही.

राहिला व्यवहार, तोही सांगतो, कारण नाटकातली मंडळी यावर बोलायला लाजतात. दिवसाच्या मानधनाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. महिन्याला किमान किती दिवसांची हमी, ते करारात लिहून घ्या. पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, म्हणजे पहिले तीन महिने घरभाडं, प्रवास, कपडे हे सगळं आधीच्या शिल्लकीतून करायची तयारी ठेवा. मुंबईत नायिकेला भाड्याचं घर शोधताना सोसायट्या काय काय प्रश्न विचारतात, ते तुम्ही नणंद असतानाच अनुभवलं असेल. करारात दुसरं काम करायला बंदी किती आणि मालिका संपल्यावर ती किती महिने लागू राहते, हे ओळ न् ओळ वाचा. नाटकाच्या प्रयोगांसाठी तारखा सोडण्याचा मुद्दा आत्ताच लिहून घ्या. सही झाल्यावर प्रॉडक्शनचा माणूस गोड बोलून वेळ मारून नेतो. एका मालिकेचे माझे स्वतःचे शेवटच्या चार महिन्यांचे पैसे, मालिका गुंडाळल्यावर, कधीच आले नाहीत. माझ्याकडे तोंडी शब्द होता, कागद नव्हता. तेव्हा मुलगी पहिलीत होती आणि फी भरायला बायकोची बांगडी ठेवावी लागली.

गुरुवारी टीआरपी येतो. त्या दिवशी सेटवरचं वातावरण बदलतं, हे तुम्ही पाहिलंय. नायिका झाल्यावर तो आकडा लोक तुमच्याकडे बघून वाचतील. ट्रॅक, म्हणजे त्या वेळी चाललेलं कथानक, चुकला, वेळ बदलली, समोरच्या वाहिनीवर मोठा कार्यक्रम आला, कारण काहीही असो. आकडा पडला की कपडे बदलतात, केस बदलतात, कधी कधी नायिकाही बदलते. तेव्हा तो तुमच्या अभिनयाचा निकाल मानू नका. कुठलं दृश्य चांगलं झालं, कुठलं नाही, याची स्वतःची एक वही ठेवा, रोज चार ओळी. माझ्या दोन विद्यार्थिनी ठेवतात. त्यातली एक मालिका बंद झाल्यावर आठ महिने घरी होती. पुढच्या ऑडिशनला ती ती वही वाचून गेली आणि तिला काम मिळालं.

तब्येतीचं एक. तेरा तासांच्या शिफ्टमध्ये बायका पाणी कमी पितात, कारण नऊवारी किंवा जड साडीत व्हॅनिटी व्हॅनमधल्या स्वच्छतागृहापर्यंत जाणं नको वाटतं. पाळीच्या दिवसांत गोळ्या घेऊन उभ्या राहतात. तपासण्या पुढे ढकलतात, 'लग्नाचा ट्रॅक संपू दे' म्हणतात, आणि मग मंगळागौरीचा ट्रॅक येतो. वर्षातून एक दिवस पूर्ण तपासणीसाठी मागून घ्या, तोही आधी कळवून. मिळतो. कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत.

तर ताई, भूमिका घ्या, असं मी सांगेन. सही करण्याआधी निर्मात्याशी नाही, लेखकाशी अर्धा तास बोला. त्याला विचारा की ही बाई पहिल्या भागात कुणाला काय प्रश्न विचारते. त्याच्याकडे उत्तर असेल तर तुमच्याकडे काम आहे. तो म्हणाला की ती फक्त सहन करते, तर मानधन वाढवून मागा आणि नाटकाच्या तारखा दुप्पट.